तुरळक ठिकाणी

हवामान खात्यातला माणूस म्हटलं की लोकांना एकच विनोद सुचतो. ‘तुम्ही पाऊस म्हणालात की आम्ही छत्री घरी ठेवतो.’ तेहतीस वर्षांच्या नोकरीत हा विनोद मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, न्हाव्याच्या खुर्चीत ऐकला, आणि एकदा तर माझ्या थोरल्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकला. सांगणारा प्रत्येक जण तो जगात पहिल्यांदाच करतोय अशा थाटात करतो. मी हसायचो. मुलीचा बाप, न हसून सांगतो कुणाला? आता मी निवृत्त आहे, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात आहेत, आणि या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं ‘वेधशाळेतल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. गमती आहेत. पण लिहायला बसलो की डोकं तापतं, तेव्हा तापल्या डोक्यानंच लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी परत पाठवावं.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते कुणालाच माहीत नसतं. मी अंदाज करत नव्हतो. मी निरीक्षक होतो. तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या धाराशिवात, गावाबाहेर तारेचं कुंपण घातलेला एक तुकडा आणि दोन खोल्या, ही आमची वेधशाळा. कुंपणात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी, तिच्यात तापमापक. एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. जमिनीत अर्धा पुरलेला पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला मी आकडे घ्यायचो, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचो, आणि सगळं आकड्यांच्या तारेत बसवून वरच्या कचेरीला पाठवायचो. अंदाज तिथले साहेब करायचे. तो तारेनं परत यायचा, आणि मी तो दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचो. आमच्या आभाळाबद्दल शेकडो मैलांवरून आम्हाला कळवलं जायचं, आणि ते मीच आमच्या लोकांना दाखवायचो.

पेटीतल्या दोन तापमापकांपैकी एकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. त्याचं टोक पाण्याच्या इवल्याशा वाटीत सोडायचं. हवेत दमटपणा किती ते त्यावरून कळतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्यामागच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम चालू होतं. एक म्हातारी रोज कुंपणाला टेकून मला ती वाटी भरताना बघायची. एक दिवस म्हणाली, “का ओ सायेब, ह्या मशिनीला तहान लागती व्हय? आन आमाला न्हाय लागत व्हय?” मी तिला तांब्याभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी वीस बाया आल्या. तिसऱ्या दिवशी मी पाणी दिलं नाही, कारण माझ्याच घरी नव्हतं. वाटी मात्र भरली. तो नियम होता.

आता किनारपट्टीकडं वळतो, कारण माझ्या रागाचं मूळ तिथं आहे.

माझी पहिली तीन वर्षं कोकणातल्या एका बंदराच्या गावी गेली. तेरकडचा मी पोरगा, समुद्र नोकरीला लागल्यावर पाहिला. तिथं हिवाळा आला की किनारपट्टीचा अंदाज काय निगुतीनं व्हायचा! उत्तरेचा वारा किती जोराचा, समुद्र खवळलेला राहील की मध्यम, धुकं पडेल का, आंब्याच्या मोहोराला ढगाळ हवा बाधेल का. मासेमारांसाठी वेगळा इशारा, बंदरावर वेगळा बावटा. आमच्या कचेरीतला खलाशी, म्हणजे शिपाई, इशाऱ्याचा कागद घेऊन थेट पुळणीवर जायचा आणि कोळ्यांना त्यांच्या बोलीत ओरडून सांगायचा. कागदावरचा एकही शब्द तो वापरायचा नाही. मला तेव्हा ते गावंढळ वाटायचं. त्याला कारणही होतं. रुजू झालो त्याच आठवड्यात मी साहेबांना म्हणालो होतो, “सायेब, आभाळ लई भरलंय.” साहेब खो खो हसले आणि चार जणांना बोलावून माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. मी बौद्ध घरातला, गावात पहिला मॅट्रिक झालेला. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी मला एकच सांगितलं होतं, नीट शिक आणि नीट बोल. त्या दिवसापासून मी ‘लई’ आणि ‘न्हाय’ तोंडातून खरवडून काढले. वर्षभरात मी रेडिओसारखं बोलायला लागलो. मला त्याचा अभिमान होता. कसला अभिमान, माती!

मग बदली मागून मी आमच्या मुलखात आलो, आणि रोज संध्याकाळी रेडिओवर तोच अंदाज इकडून ऐकायला लागलो. किनारपट्टीला पाच वाक्यं. मध्य महाराष्ट्राला दोन. शेवटी, निवेदकाला घरी जायची घाई झालेली असताना, “मराठवाड्यात हवामान कोरडे राहील.” चार शब्द. हिवाळाभर रोज तेच चार शब्द. आमची तूर, आमचा हरभरा, खळ्यावर पडलेली आमची ज्वारी, यांना धुकं बाधत नाही, ढग बाधत नाहीत, काही बाधतच नाही असा त्या कचेरीचा समज होता. आमच्याकडं समुद्र नाही हा आमचा गुन्हा!

आणि खरी मेख पुढंच आहे. हिवाळ्यात आमच्याकडं पाऊस येतो तो समुद्रावरूनच. पण पश्चिमेच्या नाही, पूर्वेच्या. कार्तिकात बंगालच्या उपसागरात वादळ उठतं, आंध्रच्या किनाऱ्याला लागतं, तिथं त्याचा जोर मोडतो, आणि उरलेले ढग तेलंगणावरून दोन-तीन दिवसांत आमच्या डोक्यावर येतात. म्हणजे आंध्र किनारपट्टीचा हिवाळी अंदाज हा धाराशिवचाच अंदाज असतो, फक्त दोन दिवस आधी आलेला. आमचे लोक ‘आंध्र किनारपट्टी’ ऐकलं की रेडिओ बंद करायचे. कुठं समुद्र आन कुठं आपुन! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं आमच्याकडं उलटं होतं. आग इथवर यायची, पण बोंब तिथंच राहायची.

दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. तेरपासून कोसभरावर माझं आजोळ. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आजही माझे पाहुणे राहतात. त्या गावातल्या आमच्या चौदा घरांनी मिळून सामुदायिक शेतीची सहकारी संस्था काढली होती. पुढाकार लिंबाजीमामांचा, माझ्या आईच्या चुलतभावाचा. संस्थेला गायरानातला एक माळ कसायला मिळाला होता. अट अशी की तीन हंगाम जमीन पडीक ठेवायची नाही, आणि तिसऱ्या हंगामाला तहसिलीतले साहेब येऊन खळ्यावरची रास डोळ्यांनी बघतील. रास दिसली तर जमीन संस्थेच्या नावावर. नाही दिसली तर गायरान पुन्हा गायरान. गावातल्या बड्या लोकांचा डोळा त्या माळावर होताच. पहिल्या वर्षी पावसानं दगा दिला, दुसऱ्या वर्षी किडीनं. तिसऱ्या वर्षी मात्र संकरित ज्वारी अशी आली, की लिंबाजीमामा मला एक कणीस द्यायला दहा कोस चालत धाराशिवला आले. बसनं का नाही आलात म्हटलं, तर म्हणाले, “बसमदी कुनी दिसलं नस्तं. रस्त्यानं समद्यास्नी दावीत आलो.”

पेरणी उशिरा झालेली, त्यामुळं कणसं खुडून खळ्यावर यायला कार्तिक उजाडला. साहेबांची पाहणी सोमवारी ठरली. मळणीला अजून तीन-चार दिवस हवे होते.

त्या आठवड्यात मंगळवारी आंध्र किनाऱ्याला इशारा दिला गेला. बुधवारी आमच्याकडं उंचावर पिसांसारखे पांढरे ढग दिसले आणि वारा पूर्वेचा झाला. गुरुवारी सकाळी ओल्या गोळ्याचा आकडा कोरड्याच्या जवळ सरकला, म्हणजे हवा दमट झाली. फळ्यावर मात्र तेच, ‘हवामान कोरडे राहील.’ मी तार पाठवली. मग पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. खालचा माणूस वरच्या कचेरीला फोन करून तुमचा अंदाज चुकतोय म्हणतो, हे आमच्या खात्यात बसणारं नव्हतं. पलीकडचा म्हणाला, “तुम्ही आकडे पाठवा, विचार आम्ही करतो.” मी आकडे पुन्हा पाठवले. दुपारी सुधारलेला अंदाज आला. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता.’ चार शब्दांचे सहा झाले! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला आणि माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात ते वाक्य लिहिलं.

त्याच दिवशी आमच्या वेधशाळेची तपासणी होती. तपासायला आलेले साहेब म्हणजे कोकणातले तेच, माझ्या ‘लई’ला हसलेले. ते आतल्या खोलीत खिडकीपाशी बसून माझी रजिस्टरं बघत होते आणि मी त्यांच्या चहाचं बघत होतो. तेवढ्यात शेवंतावहिनी आल्या. लिंबाजीमामांची सून. सातवी शिकलेली, संस्थेतली एकटीच वाचू शकणारी. मामांनी त्यांना फळा वाचायला मुद्दाम बसनं पाठवलं होतं. त्यांनी बोट फिरवत ते वाक्य दोनदा वाचलं.

“भाऊजी, हे तुरळक म्हंजी वो?”

“तुरळक ठिकाणी,” मी म्हणालो. “म्हणजे काही मोजक्या ठिकाणी.”

“व्हय, पर तुरळकच न्हवं? मामंजी म्हनले, लई येनार आसंल तर कणसं समदी उचलून विहारात न्हेऊन टाकू. सोमवारपस्तोर मळनी हुनार न्हाय, पर माल तरी कोरडा ऱ्हाईल. आन थोडा आसंल तर कडबा टाकून झाकतो आन काम चालू ठिवतो. तुमी सांगा.”

आता इथं वाचकांनी नीट ऐकावं. आमच्या खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हा शब्द ठिकाणांना लागतो, पावसाला लागत नाही. शंभर गावं असतील तर त्यातल्या वीस-पंचवीस गावांत पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या गावात पडेल तिथं तो चार थेंब पडेल की ओढे भरून वाहतील, याबद्दल तो शब्द अवाक्षर काढत नाही. ऐकणारा मात्र ऐकतो ‘तुरळक पाऊस’. म्हणजे भुरभुर. तुम्हीही आजवर तसंच ऐकत आला असाल. वहिनीही तसंच समजल्या होत्या, आणि ते त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की वहिनी, एखाद्या गावात धो धो यील आन शेजारच्या गावात थेंब न्हाय, तवा माल उचला. एवढंच. आईच्या तोंडची भाषा होती ती. पण आत साहेबांचं पान उलटायचं थांबलं होतं. निरीक्षकानं अंदाजाबाहेर एक शब्द बोलायचा नाही हा नियम होता, आणि त्याहून मोठं म्हणजे तो माणूस पुन्हा हसेल ही मला धास्ती होती. मी ताठ झालो आणि म्हणालो, “फळ्यावर लिहिलं आहे त्याप्रमाणेच समजावं.”

“म्हंजी थोडाच,” वहिनी म्हणाल्या. “बरं झालं बाई.” आणि बसच्या घाईनं गेल्या.

साहेब बाहेर येऊन म्हणाले, “छान. जबाबदारीनं बोलता आता.” शेरेबुकात त्यांनी माझ्या भाषेचं कौतुक लिहिलं. ते पान माझ्याकडं अजून आहे. फाडायचं धाडस झालं नाही.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला ईशान्येला, म्हणजे तेरच्या बाजूला, ढग जमिनीपर्यंत काळा उतरलेला दिसला. धाराशिवात लख्ख ऊन होतं. मी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘ईशान्येस दूर अंतरावर पाऊस दिसतो.’ आमच्या मापकात काहीच नव्हतं. रविवारी सकाळी मापक उघडला, कोरडा ठणठणीत. नियमाप्रमाणं लिहिलं, ‘पर्जन्य निरंक.’

त्या माळावर दोन तास पाऊस कोसळला होता. कडबा वाहून गेला, खळं चिखलात गेलं. सोमवारी तहसिलीतले साहेब आले तोवर ज्वारीला कोंब फुटू लागले होते, खालचा थर काळा पडला होता. गावातले बडे लोक साहेबांच्या मागं उभे होते. कुणीतरी म्हणालं की माल वेळेवर काढला नाही, यांना शेती जमायची नाही. लिंबाजीमामा पावसाचं सांगायला लागले, तर साहेब म्हणाले, दाखला आणा.

मंगळवारी शेवंतावहिनी पुन्हा माझ्या दारात. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळलेले.

“भाऊजी, पावसाचा कागद द्या.”

मी रजिस्टर काढलं. त्यांनी स्वतःच वाचलं. “निरंक म्हंजी?”

“शून्य. पाऊस नाही.”

“न्हाय कसा? म्या सोता भिजले की वो.”

“इथल्या मापकात पडला नाही. तुमच्याकडं मापकच नाही.”

“मापक न्हाय म्हून पाऊस न्हाय?”

होय. ज्या गावात मापक नाही त्या गावात सरकारी पाऊस पडत नाही. तिथं दुष्काळ पडतो तोही शेजारच्या गावाच्या मापकातून, आणि ओढा फुगतो तोही. खोटा आकडा मी लिहू शकत नव्हतो. लिहिला असता तर नोकरी गेली असती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरीपेक्षा त्या रजिस्टरचा मोह जास्त होता, एवढं स्वच्छ होतं ते. दाखल्याच्या छापील नमुन्यात शेऱ्याचा रकाना नव्हता, फक्त पर्जन्याचा होता. मी ‘निरंक’ लिहिलं आणि सोबत स्वतंत्र दोन पानं जोडली. तुरळक म्हणजे काय, ईशान्येला काय दिसलं, तो माळ इथून किती दूर. पुढं ती फाईल मी पाहिली. माझी दोन पानं कुणी उलटलीसुद्धा नव्हती. ‘निरंक’ या शब्दाखाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. शब्द माझ्याच अक्षरातला.

जमीन गेली. माझ्या सहीनं गेली. याला मी दुसऱ्या कुणाचं नाव देऊ शकत नाही, आणि द्यायचंही नाही. त्या दिवशी आमच्या खात्यातले साहेब हसले असते तर हसले असते. दात दिसले असते त्यांचे, आणखी काय झालं असतं? गायरान काही वर्षं गायरान राहिलं. आज तिथं कुणाचा ऊस उभा आहे ते गावाला ठाऊक आहे.

पुढच्या हिवाळ्यापासून मी फळ्यावर दोन ओळी लिहायला लागलो. वरची कचेरीची, खालची माझी. ‘पूर्वेच्या समुद्रात वादळ हाय. दोन दिसात हिकडं यील. कोन्त्या गावात यील म्हाईत न्हाय, पर जिथं यील तिथं झोडपून काढंल. माल उचला.’ वरून मेमो आला. अनधिकृत मजकूर व अशुद्ध भाषा. मी उत्तर दिलं नाही. दुसरा आला. त्यालाही दिलं नाही. माझी एक वेतनवाढ थांबली आणि बढती कायमची. बैल गेल्यावर झोपा केला म्हणा, पण मळणीच्या दिवसांत तेर, ढोकी, येरमाळ्याचे लोक बसमधून उतरून आधी फळ्याकडं यायला लागले. खालचीच ओळ वाचायचे. छत्रीचा विनोद त्यातल्या एकानंही मला कधी ऐकवला नाही.

शेवंतावहिनी त्यानंतर एकदाच दिसल्या. संस्था मोडली होती. चौदातली नऊ घरं ऊसतोडीला जायची, त्यात त्यांचंही होतं. लिंबाजीमामा आदल्या वर्षी गेले. कारखान्याच्या टोळीत सामील व्हायला त्या येरमाळ्याला निघाल्या होत्या, डोक्यावर बोचकं. फळ्यापुढं थांबल्या, सवयीनं बोट फिरवत खालची ओळ वाचली. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या.

“आता नीट लिवता, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “समजतंय समदं. पर आता आमचं भिजाया काय ऱ्हायलंय?”

मग त्यांनी येरमाळ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ते मात्र मला बरोबर सांगता आलं.